कंदीलपुष्पांचे द्वारपाल

भाद्रपदांत दख्खनच्या माळावर हिंडतांना काटेरी झुडपाला विळखा घातलेली खरचुडीची नाजूक वेल आपण कधीं पाहिली आहे काय? तिचा कंद गुराख्यांच्या ओळखीचा. पण फूल म्हणजे चिमुकला कंदीलच! महाराष्ट्रांत या वंशाच्या अनेक जाती आहेत. इतक्या जवळच्या बहिणी एकमेकींत मिसळून कां जात नाहींत?

त्यांना नांवें मात्र फार पूर्वींच मिळालीं. लिनियसनें १७५३ सालीं वंशाला ‘सेरोपेजिया’ म्हटलें. रॉक्सबर्गनें १७९५ मध्यें कंदवाली खरचुडी वर्णिली. मुंबई इलाख्यावरील कूकचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला. परंतु धाराशिव तेव्हां निजामाच्या राज्यांत, म्हणून त्याच्या कक्षेबाहेर राहिलें. उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ व्ही. एन. नाईक यांनीं १९७९ मध्यें सिद्ध केला. असे ग्रंथकार खरचुडीच्या जाती ओळखतात त्या मुख्यतः नळीचा बांक, पाकळ्यांची लांबी, केसांची ठेवण यांवरून.

पण हे भेद टिकवितो कोण? फुलाचा रंग व घडण कीटकांसाठीं आहे, असें जर्मनीच्या स्प्रेंगेलनें १७९३ सालीं सांगितलें. त्याची दखल फारशी कोणीं घेतली नाहीं. १८६२ मध्यें डार्विननें इंग्लंडांतील दोन सख्ख्या ऑर्किडांविषयीं लिहिलें कीं, एकीचे परागपुंज पतंगाच्या सोंडेशीं चिकटतात, दुसरीचे डोळ्यांना. मग एकीचा पराग दुसरीच्या योग्य जागीं पोंचावा कसा?

खरचुडीचा कंदील हा तसाच पहारा आहे. वासानें भुललेली बारीक माशी नळींत उतरते. खालीं वळलेले केस तिला परत फिरूं देत नाहींत. तळाशीं परागपुंज तिच्या मुखांगाला चिकटतो. केस सुकले कीं तिची सुटका होते, आणि ती दुसऱ्या कंदिलांत शिरते. निरनिराळ्या जातींकडे बहुधा निरनिराळ्या माशा येतात, असें २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

व्हर्न ग्रँट यांनीं १९४९ मध्यें एक मार्मिक गोष्ट दाखविली: ज्या वनस्पतींचे परागवाहक चोखंदळ, त्यांच्या जाती शास्त्रज्ञ बहुतेक फुलांच्याच खुणांवरून वेगळ्या करतात. म्हणजे पंडितानें ग्रंथांत नोंदलेली सीमा कीटकानें आधींच राखलेली असते!

आज माळ नांगरले जात आहेत. खरचुडीचा कंद कुंडींत लावून वांचवितां येईल. तिची माशी कुंडींत येणार नाहीं. माळ राखला तरच दोघेंही राहतील.