लोअर परळला जेवायचं कुठे?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर "आज कुठे?" असा मेसेज पडला की बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, लोअर परळ! उघड्या विटांच्या भिंती, उंच छपरं, लोखंडी खांब... याला म्हणे 'इंडस्ट्रियल लुक' म्हणतात. गंमत म्हणजे इथे खरोखरच कारखाने होते. मग त्या कारखान्यांतली माणसं जेवायची कुठे? हा किडा डोक्यात शिरला आणि माझा अख्खा शनिवार त्यात गेला.

तर मंडळी, मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवची. तिची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कोकणातून आणि घाटावरून आलेले बरेचसे कामगार बायकामुलांना गावी ठेवून यायचे. एका खोलीत इतकी माणसं, की झोपायच्याही पाळ्या लावायला लागायच्या. तिथे चूल कोण मांडणार?

म्हणून खानावळी. खानावळ म्हणजे पाटीबिटी लावलेलं हॉटेल नव्हे हं! चाळीतलीच एखादी बाई आपल्या खोलीत दोन वेळचं रांधायची, पाळी सुटेल तशी माणसं जेवून जायची. हिशेब महिन्याचा, पगार झाल्यावर.

आता यातली मेख बघा. कामगाराला उधारी मिळत होती, पण वाण्याला पैसे द्यायचे तर त्या बाईला रोकड हवी. ती सावकाराकडून, जबर व्याजाने. म्हणजे पगार महिन्यातून एकदाच होतो, याचा भुर्दंड ही बाई भरत होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पुरव म्हणजे गोवा मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्या. मंडळामार्फत या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळायला लागलं आणि सावकाराचा फास सैल झाला.

मग १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. ज्या पगारावर खानावळ चालायची तो पगारच थांबला. कित्येक जण गावी गेले ते परतलेच नाहीत.

गिरण्या बंद पडल्या, जमिनी उरल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण तीन वाटे करायचे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. आता वाटणी फक्त ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीची! मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा बदल वैध ठरवला. मैदानं आणि परवडणारी घरं यांचा वाटा घटला. मॉल आले, ऑफिसं आली आणि ऑफिसांमागून आपण भुकेले लोक आलो.

आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्याच सर्व्हरवर नवी सिस्टीम चढवली आणि लोड टेस्टिंग केलंच नाही. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलमधल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून १४ जण गेले. बाहेर पडायला वाट न सापडल्यामुळे बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरले. पार्टीला आलेली, आपल्यासारखीच माणसं होती ती.

मला यातून एवढंच कळलं, की जेवायच्या जागेचा इतिहास शोधताना मेन्यूकार्डाआधी दोन गोष्टी विचाराव्यात. ही जागा कुणाच्या वाट्याची होती? आणि तिथे कमी पडलेल्या पैशाची, जागेची किंमत कोण मोजतंय? खानावळीत ती रांधणारी बाई मोजत होती. कमला मिलमध्ये ती जेवायला आलेल्यांनी मोजली.

असो. लोअर परळला जाऊ नका असं काही मी म्हणत नाही, मीही जातोच. फक्त पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे ते विचारा. तो नसेल, किंवा त्यावर खोके रचून ठेवलेले असतील, तर सरळ उठा आणि दुसरीकडे जेवा.