शिट्टी एक, नियम दोन

अमेरिकन फुटबॉल हा नांवाला पायांचा, पण बहुतांशीं हातांचा खेळ. १९०५ सालीं मैदानांत तरुणांचे बळी पडले, तेव्हां अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना पाचारण केलें. १९०६ सालीं चेंडू पुढें फेंकण्याची मुभा मिळाली. १९३० च्या दशकांत शाळांच्या राष्ट्रीय संघटनेनें निराळी नियमावली काढली. तिच्याप्रमाणें लाथेनें टोलविलेला चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे गेला कीं खेळ थांबतो. महाविद्यालयांत तो झेलून धांवत सुटतां येतें. शुक्रवारीं शाळेंत व शनिवारीं महाविद्यालयांत उभा राहणारा पंच येथेंच गोंधळण्याचा संभव. शिट्टी अवेळीं वाजली तर धांव वाया. विसरली तर थांबलेल्या मुलावर कोणी आदळावयाचा! टेक्सासच्या सरकारी शाळा मात्र आजही बहुतेक महाविद्यालयीन नियमच पाळतात. मॅसॅच्युसेट्सनें ते २०१९ सालीं सोडले.