नानासाहेब पेशवे आणि बीबीघर : एक मूल्यमापन

लखनौला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाकडे महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना दाखवावयाच्या स्थळांची एक ठरावीक यादी असते. इमामबाडा, रूमी दरवाजा, रेसिडेन्सी. मग अयोध्या किंवा नैमिषारण्य. आणि सवड असल्यास सुमारे ८० किलोमीटरवरचे कानपूर ओलांडून गंगाकाठचे बिठूर, म्हणजेच ब्रह्मावर्त. तेथे पेशव्यांच्या नावापुढे आपले मस्तक आपोआप नमते. परंतु त्याच वाटेवर कानपुरात नानाराव पार्क नावाची एक बाग लागते. १८५७ साली जेथे बीबीघर होते ती हीच जागा. तेथे आपण सहसा थांबत नाही, आणि थांबलोच तर मुलांना काय सांगावे हा प्रश्न पडतो. इंग्रजी पुस्तकांत नानासाहेब राक्षस आहेत, आपल्या पुस्तकांत ते हुतात्मा आहेत. एकाच पुरुषाच्या या दोन प्रतिमांपैकी खरी कोणती, याचा शांतपणे विचार करण्यास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसारखे दुसरे स्थान नाही. कारण पन्नास वर्षे परमुलुखात नांदलेल्या समाजाला आपला वारसा नुसता मिरवून भागत नाही; तो तपासूनही घ्यावा लागतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावांनी माल्कमच्या स्वाधीन होऊन पेशवाई सोडली आणि सालीना आठ लाख रुपयांच्या तनख्यावर ते बिठुरास येऊन राहिले. कर्जतजवळच्या वेणगावचे धोंडोपंत, म्हणजेच नानासाहेब, यांना त्यांनी १८२७ मध्ये दत्तक घेतले. १८५१ साली बाजीराव वारले आणि कंपनी सरकारने तो तनखा बंद केला. दाद मागण्यासाठी नानासाहेबांनी अजीमुल्ला खान यांना विलायतेस धाडले. तेही रिक्त हस्ते परतले. तरीही कानपूरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांशी नानासाहेबांचे येणेजाणे सलोख्याचे होते. एप्रिल १८५७ मध्ये ते लखनौलाही येऊन गेले आणि हेन्री लॉरेन्सला भेटले. पुढच्याच महिन्यात कानपूरचा सेनापती व्हीलर याने सरकारी खजिन्याच्या रक्षणासाठी त्यांची माणसे मागून घेतली, इतका त्यांच्यावर भरवसा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कानपूरच्या पलटणी उठल्या आणि नानासाहेब त्यांचे पुढारी झाले. व्हीलरच्या कच्च्या मोर्च्यात सुमारे ९०० माणसे कोंडली गेली. त्यांत स्त्रिया आणि मुले फार मोठ्या संख्येने होती. तीन आठवड्यांच्या भडिमारानंतर नानासाहेबांच्या बाजूने एक पत्र गेले. डलहौसीच्या कृत्यांशी ज्यांचा संबंध नाही आणि जे शस्त्रे खाली ठेवतील, त्यांना अलाहाबादेपर्यंत सुखरूप जाऊ दिले जाईल, अशा आशयाचे ते पत्र होते. २७ जून रोजी सतीचौरा घाटावर नावांत बसत असलेल्या या लोकांवर गोळीबार झाला. पुरुष बहुतेक सर्व मारले गेले. स्त्रिया व मुले यांची कत्तल थांबवावी असा नानासाहेबांचा निरोप आल्याचे जबान्यांत नमूद आहे. त्यांतून वाचलेल्या जीवांना पुढे बीबीघरात ठेवण्यात आले. फत्तेगडाहून पळून आलेल्यांची त्यात भर पडून ही संख्या सुमारे २०० झाली. १५ जुलै रोजी, हॅवलॉकचे सैन्य कानपुरावर चालून येत असता, या सर्वांना ठार मारण्यात आले. पहाऱ्यावरच्या शिपायांनी हे काम करण्यास नकार दिला, तेव्हा ते खाटकांसह काही मारेकऱ्यांकडून करवून घेतले गेले. आणि दुसऱ्या दिवशी प्रेते शेजारच्या विहिरीत टाकली गेली.

या घटनेचा इंग्रजांनी जो न्याय केला तो प्रथम तपासला पाहिजे, कारण जगाने दीर्घकाळ तोच प्रमाण मानला. ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल १८५८ मध्ये या भागात आला होता, लखनौच्या कैसरबागेची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली. त्याने आपल्या रोजनिशीत फार मार्मिक निदान केले आहे. कत्तली जगात पूर्वीही झाल्या. पण कानपूरचा इंग्रजांना विशेष डंख बसला तो हे कृत्य एका अंकित वंशाने केले म्हणून, काळ्या माणसांनी आपल्या धन्यांचे रक्त सांडण्याचे धाडस केले म्हणून, असा त्याचा अभिप्राय आहे. स्वतः इंग्रज असलेल्या माणसाने हे लिहावे हे लक्षात घेण्याजोगे आहे. दुःख खरे होते. परंतु त्या दुःखाचे माप कातडीच्या रंगाने ठरत होते.

त्याचा पुरावा दूर शोधावयास नको. कर्नल नील अलाहाबादेत ११ जूनला पोहोचला, म्हणजे सतीचौरा घाटाच्या सोळा दिवस आधी. तेथे आणि त्यापूर्वी काशीस सरसकट फाशा देण्याचे सत्र सुरू झाले. जूनअखेर कानपूरकडे निघालेल्या तुकडीने वाटेवरची गावे जाळली. अपराध्यांबरोबर वृद्ध, स्त्रिया आणि मुलेही बळी पडत आहेत, हे खुद्द गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने विलायतेस धाडलेल्या कागदांत नमूद असून के या इंग्रज इतिहासकारानेच ते आपल्या ग्रंथात घेतले आहे. अर्थात ‘सूड’ म्हणून ज्याचे समर्थन झाले त्याचा बराच भाग बीबीघरापूर्वीच घडून गेला होता. बीबीघरानंतर नीलने हुकूम काढला की, फाशीच्या कैद्याकडून आधी तेथील रक्ताचा काही भाग साफ करवून घ्यावा, म्हणजे मरण्यापूर्वी त्याचा धर्मही बुडेल. कॅनिंगने ३१ जुलैला अशा अविचारी शिक्षांना आळा घालणारा ठराव काढला, तर त्याच्याच देशबांधवांनी त्याची ‘दयाळू कॅनिंग’ म्हणून टिंगल केली.

नील २५ सप्टेंबर १८५७ रोजी आपल्याच लखनौत शेर दरवाजाजवळ गोळी लागून मेला. त्याच्या कृत्यांची चौकशी झाली नाही. उलट मद्रासेत त्याचा पुतळा उभा राहिला, अंदमानातील एका बेटास त्याचे नाव मिळाले आणि लखनौच्या त्या दरवाजालाही ‘नील गेट’ म्हणू लागले. नानासाहेबांच्या डोक्यावर मात्र एक लाख रुपयांचे इनाम लागले. फ्रान्सच्या ज्यूल व्हर्नने १८८० साली एका कादंबरीत त्यांना खलपुरुष केले. कानपूरच्या विहिरीवर संगमरवरी देवदूत बसला आणि त्याच्या सभोवारच्या बागेत हिंदी माणसाला परवान्यावाचून प्रवेश नव्हता. एका बाजूच्या मृतांना देवदूत, नावे आणि बाग. दुसऱ्या बाजूच्या मृतांची धड मोजदादही नाही.

या एकांगी न्यायाला आपल्याकडून उत्तर मिळाले ते योग्यच झाले. सावरकरांनी १९०९ मध्ये सत्तावन्नच्या संग्रामावरील आपल्या ग्रंथात नीलचे अत्याचार वाचकांपुढे ठेवले. १९२७ साली मद्रासेत नीलच्या पुतळ्याविरुद्ध सत्याग्रह झाला आणि १९३७ मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाने तो रस्त्यावरून हलवून वस्तुसंग्रहालयात पाठविला. स्वातंत्र्यानंतर कानपूरचा देवदूत तेथील चर्चच्या आवारात गेला आणि बागेस नानासाहेबांचे नाव मिळाले. २०१८ साली नील बेटाचे शहीद द्वीप झाले. हे सर्व इष्टच. परंतु पाटी बदलल्याने इतिहासाचा निवाडा पुरा होतो काय? ‘त्यांनीही केले’ हे उत्तर वादात जिंकून देते. पण त्याने आपल्या घरचा प्रश्न सुटत नाही.

तो प्रश्न असा की, बीबीघराची जबाबदारी नानासाहेबांवर किती? सुरेंद्रनाथ सेन यांचा १९५७ चा आणि प्रतुलचंद्र गुप्त यांचा १९६३ चा ग्रंथ यांनी उपलब्ध कागदपत्रांची साक्षेपाने छाननी केली आहे. नानासाहेबांनी स्वतः त्या कत्तलीचा हुकूम दिला, असे निर्विवाद सिद्ध करणारा कागद पुढे आलेला नाही. इंग्रजांनी घेतलेल्या जबान्या फाशीच्या छायेत घेतलेल्या होत्या. स्त्रियांच्या विटंबनेच्या ज्या कथा विलायतेत पसरल्या, त्यांना सरकारी चौकशीतच आधार मिळाला नाही. तात्या टोपे यांच्या नावावर नोंदलेल्या जबानीत नानासाहेब शिपायांच्या हाती जवळजवळ बंदी होते असा सूर आहे. एप्रिल १८५९ मध्ये नेपाळच्या तराईतून पाठविलेल्या पत्रात स्वतः नानासाहेबांनी स्त्रिया व मुलांच्या हत्येचा आरोप नाकारला आणि तो दोष शिपाई व बदमाश यांच्यावर ठेवला. ज्या राणीच्या जाहीरनाम्याच्या आधारे त्यांना शरण येण्यास सांगण्यात आले, त्यात ब्रिटिश प्रजाजनांच्या प्रत्यक्ष हत्येत भाग घेतलेल्यांना क्षमा नव्हती. अलाहाबादच्या जळालेल्या गावांतील प्रजेस मात्र या ‘प्रजाजन’ शब्दाचा लाभ कधी मिळाला नाही.

म्हणजे हुकूम दिल्याचा आरोप संशयित राहतो. परंतु जबाबदारी केवळ हुकुमाने ठरत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही की, ज्याच्या ताब्यात वस्तू अथवा माणूस असेल त्याला त्याचा जाब द्यावाच लागतो. कनिष्ठाने केले, मला कळले नाही, हे निवेदन फाइलवर राहते, पण दोष पुसत नाही. बीबीघरातील बंदिवान नानासाहेबांच्या छत्राखाली होते. पेशवेपदाचा अधिकार त्यांनी जुलैच्या आरंभी बिठुरास जाहीरपणे धारण केला होता. अधिकार घेतला की त्याचे ओझेही आले. आणि घाटावरील लोकांना त्यांच्या बाजूने शब्द दिला गेला होता, ही गोष्ट तर त्याहून जड आहे.

‘युद्धात असे होणारच’ असे म्हणणाऱ्यांना लखनौचेच उदाहरण पुरे. येथेही कैसरबागेत गोरे बंदिवान होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांतील पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या, हे खरे. परंतु श्रीमती ऑर आणि कुमारी जॅक्सन या दोन स्त्रियांना वाजिद अली नावाच्या दरोग्याने सांभाळले आणि मार्च १८५८ मध्ये शहर पडेपर्यंत त्या जिवंत राहिल्या. शहरावर शत्रू चालून येत असता, माणसे खवळलेली असता, हे घडू शकले. म्हणजे कानपुरातही ते अशक्य नव्हते.

आणि हे माप परके नाही. खाफीखान हा शिवाजी महाराजांचा मित्र नव्हे. त्याची लेखणी त्यांच्याविषयी कडवट आहे. तरीही मशिदी, कुराण आणि कोणाचीही स्त्री यांना उपद्रव देऊ नये असा महाराजांचा नियम होता, हे त्याने लिहून ठेवले. शत्रूच्या स्त्रीचे रक्षण ही मराठी राज्याची पहिल्यापासूनची कसोटी होती. नानासाहेब त्या राज्याच्या पेशव्यांचे वारस म्हणवीत होते. तेव्हा आपण त्यांना इंग्रजांच्या कोर्टात उभे करण्याचे कारण नाही. परंतु महाराजांच्या कसोटीवर मात्र घासलेच पाहिजे, आणि तेथे बीबीघर हे उणे म्हणूनच मांडावे लागते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. कानपूरच्या मोर्च्यात सगळे गोरे नव्हते. मिश्र वंशाची कुटुंबे होती, हिंदी ख्रिस्ती होते, आया आणि नोकर होते. खुद्द व्हीलरच्या पत्नीच्या अंगी हिंदी रक्त होते. इंग्रजांच्या शोकात त्यांना दुय्यम स्थान मिळाले, आणि आपल्या अभिमानात तर स्थानच नाही. रंगावरून माणसे वाटून घेतली की जी कोणत्याच रंगात बसत नाहीत त्यांच्यासाठी रडणारे कोणी उरत नाही. व्हीलरला गेलेल्या त्या पत्रात डलहौसीच्या कृत्यांशी संबंध असलेले आणि नसलेले असा भेद केला होता. तो भेद कृत्याचा होता, रंगाचा नव्हता. नानासाहेबांच्या बाजूने निघालेले ते सर्वांत न्याय्य वचन होय. घाटावर आणि बीबीघरात ते मोडले; आणि ते मोडले तेव्हा आपला पक्ष नीलच्याच मापाने माणसे मोजू लागला.

मग नानासाहेबांच्या वारशात शिल्लक काय राहते? पुष्कळ राहते. अन्यायाने हक्क गमावलेल्या या पुरुषाने जिंकणाऱ्यांशी तडजोड केली नाही. अजीमुल्लांसारखा मुसलमान सल्लागार त्यांच्या विश्वासातला होता आणि हिंदू-मुसलमान त्यांच्या निशाणाखाली एकत्र लढले. सर्वस्व गेल्यावर त्यांनी तराईच्या जंगलातील वनवास पत्करला, पण शरण गेले नाहीत. यासाठी बिठुरास नमस्कार करताना संकोचण्याचे कारण नाही. परंतु नमस्कार करणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे.

आपल्या पुढच्या पिढीची मुले लखनौच्या शाळांत सर्व धर्मांच्या, सर्व प्रांतांच्या मुलांबरोबर शिकतात. कित्येक पुढे परदेशी जाऊन वर्णभेदाचा चटका स्वतः अनुभवतात. रंगावरून माणसाची किंमत ठरविणे अन्यायाचे आहे, असे त्यांना तेथे ठासून सांगावयाचे असेल, तर ते सांगण्याचा अधिकार त्यांना आपण घरीच मिळवून दिला पाहिजे. म्हणून नानाराव पार्कजवळून जाताना मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. येथे सुमारे २०० स्त्रिया व मुले मारली गेली, आणि ती आपल्या पेशव्यांच्या आश्रयाला होती. येथून अलाहाबादेपर्यंतच्या रस्त्यावर त्याहून कितीतरी अधिक माणसे मारली गेली, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. या दोन वाक्यांपैकी एकच सांगणारा माणूस, तो कोणत्याही देशाचा असो, इतिहास सांगत नसून आपली बाजू मांडत असतो.