काँक्रीटचा प्रवास आणि घराचा स्लॅब

भंडारा जिल्ह्यात घरे बांधली जातात ती बहुधा उन्हाळ्यात. शेतीची कामे बरीचशी थांबलेली असतात आणि पावसाळ्याआधी डोक्यावर छप्पर हवे असते. अशा एखाद्या दिवशी उजाडता उजाडता ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला, दोन रबरी चाकांवरचा मिक्सर खडखडत गावात शिरतो. तो भाड्याचा असतो. रेती, गिट्टी आणि सिमेंटची पोती दारात आधीच येऊन पडलेली असतात. सेंट्रिंग ठोकून झालेले असते, सळया बांधून झालेल्या असतात. मिक्सर एकदा सुरू झाला की काम संपेपर्यंत कोणी थांबत नाही. मजुरांची रांग घमेली वर पोचवत राहते. ‘आज त्यांच्याकडे स्लॅब आहे’ असे गावभर ठाऊक असते.

इतकी घाई कशासाठी? भिंत तर महिनाभर सावकाश बांधता येते. दुसराही एक प्रश्न आहे. मोठ्या शहरांत तयार काँक्रीट गाडीतून येते. अमेरिकेत तर घरमालक लहानसा ट्रेलर भाड्याने घेतो, त्यात ओले काँक्रीट भरून घेतो आणि आपल्याच गाडीमागे जोडून घरी आणतो. मग आपल्या गावात काँक्रीटऐवजी मिक्सरच प्रवास करतो, तो का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि त्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

चुना थांबतो, सिमेंट थांबत नाही

सिमेंट येण्यापूर्वी पक्के बांधकाम चुन्यात होई. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेल्या कळीच्या चुन्यात पाणी घालून, बैल जुंपलेल्या दगडी घाणीत रेतीबरोबर तो मळला जाई. हा चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून. ही क्रिया फार सावकाश चालते. चुना ओला झाकून ठेवला तर आजचा माल उद्याही वापरता येतो. गवंड्याला घाई नव्हती. मात्र सतत पाण्याखाली असलेल्या बांधकामात साधा चुना घट्ट होत नाही.

ही अडचण इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन या अभियंत्यापुढे १७५६ साली उभी राहिली. त्याला समुद्रातल्या एडिस्टोन खडकावर दीपगृह बांधायचे होते. वेगवेगळ्या चुनखड्या तपासताना त्याच्या लक्षात आले, की जिच्यात चिकणमातीचा अंश असतो त्या चुनखडीचा चुना पाण्यातही घट्ट होतो. पुढे १८२४ साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. हे नेमके का घडते याचा उलगडा १८८७ साली फ्रान्सच्या आंरी ल शातलिए यांच्या प्रबंधाने केला. सिमेंटमधील कॅल्शियमची सिलिकेटे पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून घट्ट जाळे तयार होते.

म्हणजे सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी धरून घट्ट होते. त्याला हवेची गरज नाही आणि ते आपल्यासाठी थांबतही नाही. पाणी पडले, की घड्याळ सुरू झाले. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटचे आळणे ३० मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि १० तासांच्या आत ते पूर्ण झाले पाहिजे. या मर्यादा प्रयोगशाळेतल्या बेताच्या तापमानाच्या आहेत. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात घड्याळ आणखी वेगाने पळते.

काँक्रीट गाडीत बसते

१८६७ साली फ्रान्सच्या जोझेफ मोन्ये या माळीकाम करणाऱ्या माणसाने लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले. १८९२ साली फ्रांस्वा एनबिक यांनी खांब, तुळया आणि स्लॅब एकसंध ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्या घराचा सपाट स्लॅब याच घराण्यातला. त्याची सारी ताकद ‘एकसंध’ या शब्दात आहे.

बांधकामे मोठी झाली तसा प्रश्न आला, की काँक्रीट एके ठिकाणी कालवून दुसरीकडे नेता येईल का? जर्मनीत १९०३ साली युर्गन मागेन्स यांनी अशा काँक्रीटचे पेटंट घेतले. अमेरिकेत १९१३ साली बाल्टिमोरमध्ये तयार काँक्रीट ट्रकने पोचवले गेले. पण साध्या ट्रकमध्ये हादऱ्यांनी गिट्टी तळाशी बसते आणि पाणी वर येते. वाटेत पिंप फिरवत नेणाऱ्या गाडीसाठी स्टीफन स्टेपॅनियन यांनी १९१६ साली पेटंटचा अर्ज केला. ट्रकला एवढे वजन पेलणार नाही, असे म्हणून तो नाकारला गेला! पुढे अशाच गाड्या जगभर धावू लागल्या. भारतात त्या १९९०च्या दशकात मुंबई-पुण्याकडे रुळल्या.

फिरते पिंप मिश्रण एकजीव ठेवते, रासायनिक क्रिया थांबवत नाही. म्हणूनच आपल्या मानकानुसार माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. (आळणे लांबवणारी रसायने घातल्यास हा वेळ वाढवता येतो.)

कवेलूपासून स्लॅबपर्यंत

आपल्याकडे सिमेंटचा कारखाना १९०४ साली मद्रासला निघाला, पण तो टिकला नाही. खरी सुरुवात झाली ती १९१४ साली पोरबंदरला. तरीही सिमेंट गावात पोचायला फार वर्षे लागली. नियंत्रणाच्या काळात सिमेंट परवान्यावर मिळे. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठले, १९८९ साली पूर्ण उठले. त्यानंतर मातीच्या भिंती आणि कवेलूच्या छपराच्या जागी स्लॅबची घरे वाढू लागली. याच सुमारास, २२ एप्रिल १९८८ रोजी, वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि बुडितातल्या गावांना नव्या गावठाणांत घरे उभारावी लागली. २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत तर कंत्राटदार नेमायचा नाही, लाभार्थ्याने घर स्वतःच बांधून घ्यायचे, असा नियमच आहे. काँक्रीट कसे करायचे हा प्रश्न त्यामुळे घरच्या माणसांचा झाला.

या योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे असते. स्लॅबची जाडी साडेअकरा सेंटिमीटर धरली, तर सुमारे ३ घनमीटर काँक्रीट लागते. त्याचे वजन ७ टनांच्या पुढे जाते. परदेशी पद्धतीचा भाड्याचा ट्रेलर पाऊण घनमीटरचा असतो, म्हणजे चार खेपा झाल्या. प्लँट २० किलोमीटरवर आहे आणि भरणे, आणणे, ओतणे, परत जाणे यात दोन तास जातात असे समजू. पहिली खेप सकाळी आठला ओतली, तर चौथी दुपारी दोनला येईल. प्रत्येक नवी खेप आधीच आळलेल्या काँक्रीटला जाऊन टेकेल. दोन्ही भाग एकजीव होणार नाहीत, मध्ये सांधा राहील. असे तीन सांधे! त्यांतून पावसाचे पाणी झिरपते, सळई गंजते, गंजून फुगते आणि काही वर्षांनी छताचे तुकडे खाली पडू लागतात. खाली माणसे झोपलेली असतात.

आता मिक्सरचा हिशेब करू. घनमीटरला सुमारे ८ पोती, म्हणजे ३ घनमीटरला २४ पोती. एका वेळी एक पोते कालवले आणि पाच मिनिटे धरली, तर दोन तासांत काम संपते. ओळीने ओतत गेल्यास नवे काँक्रीट नेहमी ताज्या काँक्रीटलाच भेटते. म्हणून आपल्याकडे कोरडा माल आणि मिक्सर प्रवास करतात, पाणी दारात पडते. प्लँट जवळ असेल आणि गल्ली रुंद असेल, तर ६ घनमीटरची मोठी गाडी एका खेपेत स्लॅब भरून देईल. तिथे माल वजनाने मोजलेला असतो, हाही फायदाच. ट्रेलर शोभतो तो एका खेपेत भागणाऱ्या कामाला: अंगणाचा तुकडा, मोरी, पायऱ्या.

एक बादली पाणी

मिक्सर दारात आणून अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी हरली जाते ती बादलीने. मिश्रण घट्टसर वाटले, की कोणीतरी पाणी ओततो, कारण पातळ माल पसरायला सोपा. १९१८ साली शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी हजारो चाचण्यांतून दाखवले, की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे ०.५ हे प्रमाण. त्यात १० लिटरची एक बादली जास्त पडली, की ते ०.७ होते आणि ताकद एकतृतीयांश किंवा त्याहूनही अधिक घटते. जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे छिद्रे ठेवते.

नदीतून नुकत्याच आणलेल्या रेतीतही पाणी असते. पोत्यामागे ८० किलो रेती लागली आणि तिच्यात ५ टक्के ओल असली, तर ४ लिटर पाणी न मोजताच आत जाते. वर्गात हे सहज करता येईल. अर्धा किलो ओली रेती तव्यावर कोरडी करून पुन्हा तोला. दुसरा प्रयोग: एक भांडे गिट्टीने काठोकाठ भरा आणि त्यात आणखी किती रेती मावते ते पाहा. ज्या मिक्सरला ‘दहा-सात’ म्हणतात, त्यात १० घनफूट कोरडा माल घातला की ७ घनफूट ओले काँक्रीट निघते. उरलेले ३ घनफूट कुठे गेले, ते मुलेच सांगतील.

ओतून झाल्यावर मात्र पाणी हवेच. स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून, धानाच्या बांधीत साठवतात तसे पाणी साठवायचे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि कडक कोरड्या उन्हात साध्याला १० व मिश्र सिमेंटला १४ दिवस, असे आपले मानक सांगते. कालवताना मोजून आणि नंतर भरपूर, एवढाच पाण्याचा नियम. पुढच्या उन्हाळ्यात गावात स्लॅब पडेल तेव्हा विद्यार्थ्यांना घड्याळ आणि मापाची बादली घेऊन तिथे जरूर पाठवावे.