जुनी खुर्ची, छोटा डबा

मंडळी, जुन्या बाजारातली खुर्ची घरी आणली की पहिला प्रश्न: रंग कोणता, आणि केवढ्यात? माझं उत्तर ठरलेलं. साधा ऑइलपेंट, छोटा डबा. एका खुर्चीला लिटरभर लागतो कुठे?

या छोट्या डब्याला मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंग येईनासे झाले आणि १९४२ साली चार मित्रांनी गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये 'एशियन पेंट्स' सुरू केली. शहरात बड्या कंपन्यांची मक्तेदारी, म्हणून यांनी लहान डबे घेऊन गावं गाठली. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणाऱ्याला तेवढंच तर हवं होतं! १९५४मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी गट्टू काढला. हातात ब्रश घेतलेला तो खोडकर पोरगा आमच्या पिढीला कंपनीच्या नावाआधी आठवतो.

असो. स्वस्त रंगाची दुसरी बाजू म्हणजे शिसं. पिवळ्या-केशरी छटांसाठी आणि रंग लवकर वाळावा म्हणून ते घालत. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं नको, हा नियम २०१६ साली निघाला, लागू झाला नोव्हेंबर २०१७पासून. जुन्या खुर्चीवरचा थर बहुधा त्याआधीचा. तो कोरडा घासू नका. धूळ पोरांच्या पोटात जाते. पॉलिशपेपर ओला करून, मास्क लावून घासा, आणि फडकी फेकून द्या. माझी खुर्ची भाचीसाठी आहे, त्यामुळे सुटा, बिनलेबलचा रंग कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेत नाही.