ग्लँडची दोरी

आमच्या विहिरीवरची मोट मला अंधूक आठवते. नाडा, सोंदूर, धावेवरनं मागं सरकणारी बैलं. मोटेचं चामडं फाटलं की शिवून घ्यायला लागायचं. म्हणजे गळती बंद करायचं काम आमच्या आज्यापासनंच चालू आहे.

मोट गेली आणि डिझेल इंजिन आलं. किर्लोस्करवाडी आमच्यापासनं लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली त्या उजाड माळावर कारखाना वसवला. नांगर तिथलाच, पंपही तिथलाच. त्या पंपाच्या दांड्याभोवती ग्लँडमध्ये ग्रीस लावलेली दोरी भरायची. वेढे वेगवेगळे कापायचे आणि सांधा एकावर एक येऊ द्यायचा नाही. मी नट आवळायला लागलो की वडील ओरडायचे, "आरं, थेंब थेंब पडू दे!" त्या थेंबानंच दांडा गार राहायचा. लई आवळला तर दोरी जळायची आणि दांड्याला खाच पडायची.

१९७२ च्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला. नंतर लाईट आली, मोनोब्लॉक मोटर आली. तिच्यात दोरी नाही, सील. एक गुळगुळीत कार्बन, त्याच्यासमोर पांढरी चकती, मागं स्प्रिंग. इथं मात्र थेंब पडायला लागला की समजायचं, सील गेलं. तसंच रेटलं तर पाणी बेअरिंगात जातं आणि मग मोटर.

लाईट रात्रीची येऊ लागली तेव्हा उठायचा कंटाळा म्हणून मी स्टार्टरला ऑटो बसवला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. एका संध्याकाळी दादा सील बदलायला बसला. लाईट नाही म्हणजे मोटर मेलेली, असा त्याचा हिशोब. ऑटो काढायचं मी विसरलो होतो. पंप उघडा, हात इंपेलरवर, आणि लाईट आली. दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता मी आधी मेन स्विच पाडतो, ऑटो काढतो, तिन्ही किटकॅट उपसतो आणि टेस्टर लावून बघतो. मगच पाना हातात. पंपातलं पाणी सोडून बोल्ट काढायचे. इंपेलरचा नट काही पंपांत उलट्या आट्याचा असतो, उगा जोर लावू नये. जुनं सील निघालं की दांड्यावरनं नख फिरवायचं. खाच लागली तर लेथवाल्याकडं जावं, नाहीतर नवं सीलही महिन्यात गळतं. कार्बन आणि चकतीच्या तोंडाला बोट लावायचं नाही. रबराला साबणाचं पाणी लावून चकती सरळ दाबायची, हातोडी मारायची नाही. जोडून झालं की दांडा हातानं फिरवून बघायचा. पंप पाण्यानं भरल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कोरडा पंप चालला तर नवं सील तिथंच जळतं. असं एक मी जाळलंय.

काम चालू असताना दादा बांधावर बसतो. किटकॅट त्याच्या खिशात असतात. मी पाना पुसून ठेवला, हात वर करून दाखवले, की मगच तो उठतो आणि एकेक मोजून माझ्या हातात देतो.