वनौषधी खाद्यपूरके (कोंबड्यांच्या बुरशीविषबाधेवरील)

बुरशीजन्य विषाने कोंबड्यांच्या यकृताची होणारी हानी कमी व्हावी म्हणून खाद्यातून वा पाण्यातून दिली जाणारी वनस्पतिजन्य द्रव्ये. हळद, भुईआवळा, कालमेघ, कुटकी, पुनर्नवा ही त्यांतील नेहमीची नावे. बाजारात ती बहुधा मिश्रणाच्या रूपात ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळतात.

खाद्यातील बुरशीविषांपैकी सर्वांत घातक अफलाटॉक्सिन बी-१. ते ॲस्परजिलस फ्लेव्हस व तिच्या जातभाई बुरशींपासून तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पिले दगावली. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमूग पेंड होती आणि तिच्या तपासणीतूनच या विषाचा शोध लागला. बदकाची पिले याला सर्वांत लवकर बळी पडतात, कोंबडी त्यामानाने चिवट. महाराष्ट्रात काढणीला आलेला मका परतीच्या पावसात भिजला की धोका वाढतो; साठवणीच्या दाण्यातील ओलावा १३-१४ टक्क्यांच्या वर नसावा. खाद्याच्या गोळ्या करताना लागणाऱ्या उष्णतेने बुरशी मरते, विष मात्र टिकून राहते.

बाधित पक्ष्यांची वाढ खुंटते, अंडी घटतात, यकृत पिवळट, मोठे व ठिसूळ होते. प्रतिकारशक्ती खालावल्याने राणीखेत व गंबोरो या रोगांवरील लशीही नीट लागू पडत नाहीत. पोल्ट्रीवाला मग लशीला दोष देतो.

यकृतातील विकरे अफलाटॉक्सिनचे रूपांतर एका अतिक्रियाशील संयुगात करतात. ते डीएनए व प्रथिनांना चिकटते. ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते, पण त्याचा साठा संपला की पेशी मरू लागतात. हळदीतील कुर्क्युमिन हे रूपांतर मंद करते आणि ऑक्सिडीकरणरोधक म्हणूनही उपयोगी पडते. किलोमागे १ मिलिग्रॅम विष असलेल्या खाद्यात ०.५ टक्का हळदपूड घालून ब्रॉयलर पिलांवर केलेल्या प्रयोगात विषाचे दुष्परिणाम कमी झाले. भारतीय मानकाने घातलेली मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे प्रयोगातील मात्रा तिच्या पन्नास पट होती. असेच आणखी एक वनस्पतिजन्य द्रव्य म्हणजे सिलिमारिन; ते भूमध्य सागरी प्रदेशातील एका काटेरी वनस्पतीच्या बियांतून मिळते व यकृतरक्षक म्हणून जगभर वापरले जाते.

खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या विषबंधकांचे (टॉक्सिन बाइंडर) काम वनौषधींहून वेगळे. बेंटोनाइटसारखी खनिजे विषाला आतड्यातच धरून विष्ठेवाटे बाहेर नेतात. वनौषधी काम करते ती रक्तात उतरलेल्या विषावर. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे चालत नाही. खाद्यातले विष वनौषधीने नाहीसे होत नसल्याने बुरशी आलेला मका टॉनिकच्या भरवशावर खपवणे धोक्याचेच.

गुणवत्ता हा या पूरकांचा कच्चा दुवा आहे. कुर्क्युमिनचे प्रमाण हळदीच्या जातीगणिक बदलते, पण अनेक बाटल्यांवर ते दिलेलेच नसते. कुटकी हिमालयातून येते, महाग पडते व तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध असल्याने भेसळीला वाव राहतो. शिवाय ओलसर जागी ठेवलेल्या हळदीवरही अफलाटॉक्सिन तयार करणारी बुरशी वाढू शकते.